सरासरी बरोबर, कप बिघडलेला: एका घरच्या कॉफीचं प्रकरण

ताईकडे कॉफी पिणारे दोघंच, ती आणि भावजी. दोघंही एकाच भांड्यातून ओतून घेतात, तरी तक्रारी दोन टोकांच्या. ताईचं म्हणणं, कॉफी आंबट लागते आणि गिळल्यावर मागे काहीच चव राहत नाही. भावजींचं म्हणणं, कडू लागते आणि जीभ कोरडी पडते. मध्यंतरी त्यांनी दाण्यांची पाकिटं बदलून पाहिली, पाणी कमीजास्त गरम करून पाहिलं, कॉफीचं प्रमाण वाढवून पाहिलं. प्रत्येक बदलानंतर एकाचं थोडं समाधान व्हायचं आणि दुसऱ्याची कुरकुर वाढायची.

अशा वेळी मिळणारा सल्ला ठरलेला असतो: आंबट लागली तर बारीक दळा, कडू लागली तर जाड दळा. एरवी तो अगदी बरोबर आहे. पण एकाच कपात दोन्ही चवी असतील तर काय करायचं? बारीक दळलं की कडूपणा वाढतो, जाड दळलं की आंबटपणा. ताई आणि भावजी याच फेऱ्यात सापडले होते. दोघांचीही जीभ बरोबर होती, हे मी आधीच सांगून टाकते. कॉफी खरोखरच आंबटही होती आणि कडूही.

काय होतं, कसं करत होते

कोनाच्या आकाराचा ड्रिपर, त्यात कागदी फिल्टर, लांब चोचीची किटली, एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा. 15 ग्रॅम कॉफीला 250 ग्रॅम पाणी. दाणे मध्यमपेक्षा थोडे हलके भाजलेले, पाकिटावरच्या तारखेप्रमाणे भाजून तीन आठवडेही झालेले नव्हते. दळायला पात्यांचा छोटा ग्राइंडर: बटण दाबून धरायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं.

वजन करून कॉफी करणारं घर मला नेहमीच आश्वासक वाटतं. चमच्याने मोजणाऱ्याकडे आज काय बदललं हेच सांगता येत नाही, कारण हलक्या भाजलेल्या दाण्यांचा एक चमचा आणि गडद भाजलेल्या दाण्यांचा एक चमचा यांच्या वजनात चांगलाच फरक पडतो. इथे निदान प्रमाणाचा संशय उरला नव्हता.

ताईला म्हटलं, "तू रोज करतेस तशीच कर, मी नुसती बघते."

पहिलं पाणी पडताच कॉफीचा थर फुगून वर आला आणि त्यातून बुडबुडे फुटू लागले. भाजताना दाण्यात साठलेला कार्बन डायऑक्साइड असा बाहेर पडतो. दाणे शिळे असते तर थर निपचित पडून राहिला असता. म्हणजे दाणे निर्दोष. पुढचं पाणी मात्र नीट उतरेना. निम्मं पाणी ओतून झाल्यावर ड्रिपरमध्ये तळं साचलं आणि खाली थेंब थेंब पडू लागले. सगळं गळून व्हायला पाच मिनिटांच्या वर गेली. एवढ्या कॉफीला तीन मिनिटं किंवा थोडं जास्त, असा साधारण अंदाज असतो.

गळून झाल्यावर मी ड्रिपर उजेडात धरला. कागदाच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चिखलासारखा गुळगुळीत, काळपट लेप. तळाशी बोट घातलं तर चांगली खरखरीत कणी, काही तुकडे तर दाण्याच्या पावभर आकाराचे. चिमूटभर चोथा बोटांवर चोळला तेव्हा अर्धा पिठासारखा पसरला आणि अर्धा खड्यासारखा टोचला. प्रकरणाचा मोठा भाग माझ्यापुरता तिथेच उलगडला होता. पण भावजींना मोजून दाखवल्याशिवाय काही पटत नाही, आणि त्यांचा हा स्वभाव मला आवडतो.

आकडा काय म्हणाला

माझ्याकडे रिफ्रॅक्टोमीटर आहे. कॉफीच्या दोनतीन थेंबांतून प्रकाश किती वाकतो यावरून विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण तो सांगतो. नमुना खोलीच्या तापमानाला येऊ दिला आणि मोजला. 1.30 टक्के.

यावरून पुढचा हिशेब सरळ आहे. कॉफीचा चोथा आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो, त्यामुळे 250 ग्रॅम पाण्यातून भांड्यात 220 ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरते. 220 ग्रॅमचे 1.30 टक्के म्हणजे 2.86 ग्रॅम. 15 ग्रॅम कॉफीतून 2.86 ग्रॅम पाण्यात उतरलं, म्हणजे 19 टक्के.

हा आकडा चांगला म्हणतात त्या पट्ट्याच्या आत आहे. अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात कॉफीचा जो तक्ता मांडला, त्यात 18 ते 22 टक्के हा पट्टा चवीला उत्तम धरलेला आहे, आणि आजही कॉफी शिकणारा प्रत्येक जण त्या तक्त्यापासूनच सुरुवात करतो. भाजलेल्या दाण्याच्या वजनातला साधारण 30 टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. तो सगळा काढायचा नसतो. आम्लं आणि क्षार झटकन उतरतात, गोडवा आणि भाजल्याचा सुवास त्यामागून येतो, आणि कडवट, तुरट घटक रेंगाळत सर्वांत शेवटी. कमी उतरली तर कॉफी आंबट आणि पोकळ, जास्त उतरली तर कडू आणि तुरट.

भावजींनी लगेच विचारलं, "आकडा बरोबर असेल तर मग चव का बिघडली?"

प्रश्न अगदी वर्मावरचा होता. 19 टक्के ही सरासरी आहे. कपातल्या प्रत्येक कणातून 19 टक्के उतरलं असं ती सांगत नाही. निम्म्या कॉफीतून 14 टक्के उतरले आणि निम्मीतून 24, तरी सरासरी 19 च येणार. यंत्राला तो कप उत्तम वाटेल, जिभेला त्यात दोन बिघडलेल्या कॉफ्या एकत्र झालेल्या लागतील. ताईच्या जिभेला त्यातली एक आधी भेटत होती, भावजींच्या जिभेला दुसरी.

चाळणीचा प्रयोग

हे तोंडी पटवण्यापेक्षा चाखवलेलं बरं. ताईकडे दोन चाळण्या होत्या, एक पीठ चाळायची बारीक आणि एक जरा मोठ्या भोकांची. नेहमीसारखी पण जास्त कॉफी दळून घेतली आणि दोन्हींतून चाळली. तीन ढीग झाले. बारीक चाळणीतून पडलेली भुकटी, दोन्ही चाळण्यांच्या मधली जाडसर रव्यासारखी कॉफी, आणि वर उरलेले तुकडे. तिन्ही ढीग डोळ्यांना भरतील एवढे होते. मधला ढीग सर्वांत मोठा असायला हवा होता, तो तसा नव्हता.

प्रत्येक ढिगातून सारख्या वजनाची कॉफी तीन कपांत घातली, सारखंच उकळतं पाणी सारख्याच वजनाने ओतलं, चार मिनिटं ठेवलं, वरचा फेस काढून टाकला आणि निवू दिलं. फिल्टर मुद्दाम वापरला नाही, म्हणजे गळण्याच्या वेगाचा प्रश्नच येऊ नये.

तुकड्यांचा कप दिसायलाच फिकट होता. चव आंबट, कच्च्या धान्याच्या अंगाने जाणारी, आणि घोट गिळला की संपली. ताई म्हणाली, "हीच ती." भुकटीचा कप काळा, गढूळ. कडूपणापेक्षाही त्यातला तुरटपणा त्रासदायक होता. टाळू आणि हिरड्या आवळल्यासारख्या झाल्या. भावजींनी नुसती मान हलवली. मधल्या ढिगाचा कप दोघांनीही पुन्हा उचलला. त्यात आंबटपणा होता, पण गोडव्याला धरून, आणि शेवटी भाजलेल्या सुक्या मेव्यासारखी चव मागे राहत होती.

तिन्ही कप त्याच पाकिटातल्या, त्याच दिवशी दळलेल्या दाण्यांचे होते.

कारण भूमितीचं आहे. कणाचा व्यास निम्मा झाला की तेवढ्याच वजनाच्या कॉफीचा एकूण पृष्ठभाग दुप्पट होतो, शिवाय पाण्याला कणाच्या गाभ्यापर्यंत पोचायला अंतरही कमी पडतं. भुकटी आणि दाण्याचा तुकडा यांच्यात तर कितीतरी पटींचा फरक. दोघांना एकच पाणी आणि एकच वेळ मिळते. भुकटी काही क्षणांत देण्यासारखं सगळं देऊन पुढे कडवट घटक सोडू लागते, आणि तुकड्याचा गाभा शेवटपर्यंत पुरता भिजलेलाही नसतो.

पात्यांच्या ग्राइंडरमध्ये या गोष्टीवर ताबा ठेवायची सोयच नसते. पातं दाण्यावर आदळेल तसा दाणा फुटतो. एकदा बारीक झालेला कण पात्याच्या वाटेतून दूर जात नाही, तोही पुन्हा पुन्हा फुटत राहतो. हातात असतो फक्त वेळ. जास्त वेळ फिरवलं तर तुकडे कमी होतात पण भुकटी वाढते, कमी फिरवलं तर उलटं. ताईने बटण कमी दाबलं की तिला स्वतःलाच आंबट लागायचं, जास्त दाबलं की फिल्टर तुंबायचा आणि भावजींना कडू. ड्रिपरमधलं ते तळं भुकटीनेच केलेलं होतं: बारीक कण पाण्याबरोबर वाहत कागदाच्या छिद्रांवर जाऊन बसतात.

इथे एक गैरसमज दूर करण्यासारखा आहे. भावजींना वाटत होतं की कागद आहे म्हणजे भुकटीचा त्रास कपात येणार नाही. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी 1908 मध्ये कागदी फिल्टरची नोंदणी केली ती कपातला गाळ आणि कडूपणा घालवण्यासाठीच, आणि गाळ कागदाने खरोखर गेला. कॉफीतलं तेलही तो बऱ्याच अंशी अडवतो. पण भुकटीतून जे पाण्यात विरघळून गेलं, ते कागद अडवू शकत नाही. कण वर राहतात, त्यांचा कडूपणा खाली उतरलेला असतो.

दळणाचा बदल

उपाय एकच होता, आणि घरात कॉफीसाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर मी हीच घ्यायला सांगते: दात्यांचा ग्राइंडर. यात दोन दातेरी चकत्या किंवा एकात एक बसणारे दोन दातेरी शंकू असतात आणि त्यांच्यामधली फट ठरवता येते. जात्याच्या दोन पाळूंमध्ये असतं तसंच. कण फटीपेक्षा मोठा असेपर्यंत आत फुटत राहतो, फटीएवढा झाला की बाहेर पडतो. भुकटी यातही होते, कोणत्याही दळणात होतेच, पण प्रमाण आटोक्यात राहतं. महागडी किटली आणि साधा ग्राइंडर यापेक्षा साधी किटली आणि चांगला ग्राइंडर, हे मी डोळे मिटून सांगेन.

ताईने हाताने फिरवायचा घेतला. दोन माणसांच्या कॉफीला तो पुरतो. दळण्याआधी दाण्यांवर पाण्याचा एखादा थेंब टाकून हलवून घ्यायचं, म्हणजे दळताना स्थिर वीज कमी तयार होते आणि भुकटी भांड्याच्या कडांना चिकटून मागे राहत नाही.

बाकी सगळं तेच ठेवलं. पाणी तेच, तापमान तेच, 15 ला 250 तेच. अशा वेळी हात शिवशिवतात आणि माणूस चार गोष्टी एकदम बदलतो. मग चव सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही. गळायला सव्वातीन मिनिटांच्या आसपास वेळ लागेल इथवर फट लावली. गळून झाल्यावर चोथ्याचा थर सपाट, एकसारखा, भिंतीवर चिखल नाही.

रिफ्रॅक्टोमीटरने 1.38 टक्के दाखवले. म्हणजे दाण्यांतून उतरलेला अर्क 20 टक्क्यांच्या किंचित वर. आधीपेक्षा एका टक्क्याचा फरक. कागदावर जवळजवळ तीच कॉफी, आणि कपात मात्र ओळखू न येण्याएवढी वेगळी. आंबट-कडूचं भांडण मिटलं. मोजमाप करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण आकडा पट्ट्यात आला म्हणून जिभेवर अविश्वास दाखवणारे लोक मी पाहिले आहेत.

तापमानाबद्दल थोडं

कडूपणा कमी व्हावा म्हणून भावजींनी मध्यंतरी पाणी 80 अंशांपर्यंत खाली आणलं होतं. त्याने भुकटीचा कडूपणा थोडा कमी झाला असेल, पण मोठे तुकडे आणखीच कच्चे राहिले. आता हलक्या भाजलेल्या दाण्यांसाठी ते उकळी थांबल्यावर लगेचचं पाणी वापरतात. एकदोन अंशांची चिंता करू नका, असंही मी त्यांना सांगितलं. 2020 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 87, 90 आणि 93 अंशांना केलेल्या कॉफ्या तुलनेला ठेवल्या होत्या. कडकपणा आणि अर्काचं प्रमाण सारखं राखलं, तर या तापमानांतला चवीचा फरक फारच थोडा निघाला.

मग उरलेला दोष दिसला

मोठा दोष गेला की त्याच्याआड लपलेला लहान दोष पुढे येतो. कडू नाही, आंबट नाही, पण कॉफी मिळमिळीत होती. पाकिटावर लिंबूवर्गीय फळांचा उल्लेख होता, त्याचा मागमूस नव्हता. चाळणीच्या प्रयोगातल्या मधल्या कपात थोडा आंबटपणा लागला होता, पण तोही दबलेलाच. "आता कशाला नाव ठेवायचं तेच कळत नाही," असं ताई म्हणाली, आणि चवीचं वर्णन म्हणून ते अगदी नेमकं होतं.

किटलीचं झाकण उघडलं तर तळाला पांढरा, खरखरीत थर. जड पाण्याची खूण. पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांचा तापवल्यावर हा थर बसतो. कॉफीच्या दृष्टीने या दोघांची कामं वेगळी आहेत आणि त्यांना एकाच मापात मोजणं चुकीचं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्यातले चवीचे घटक ओढून काढायला मदत करतात; 2014 मध्ये ख्रिस्तोफर हेंडन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाचा विषय हाच होता. बायकार्बोनेट मात्र कॉफीत उतरलेल्या आम्लांना मारतं. जी आम्लं जिभेला फळांची आठवण करून देतात तीच मेली की कॉफी अशी बेचव होते. पाण्यातले एकूण विद्राव्य क्षार दाखवणारं पेनासारखं मीटर इथे उपयोगाचं नाही, कारण त्या आकड्यात दोन्ही मिसळलेले असतात.

मासे पाळणाऱ्यांसाठी मिळणारा थेंबांचा संच वापरला. नळाचं पाणी छोट्या नळीत घ्यायचं आणि रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे लिटरला सुमारे 18 मिलिग्रॅम क्षारता (म्हणजे मुख्यतः त्या बायकार्बोनेटचंच माप), कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. दहाव्या थेंबाला रंग बदलला. म्हणजे 180 च्या घरात. कॉफीसाठी साधारण 40 ते 70 सोयीची मानतात. एक भाग नळाचं पाणी आणि दोन भाग क्षारविरहित पाणी मिसळलं की आकडा 60 वर येतो.

भावजींनी विचारलं, "मग सगळंच क्षारविरहित का नको?" करून पाहिली. कॉफी टोकदार आंबट आणि पातळ झाली; आम्लांना सावरायला काहीच नव्हतं. मिश्रणाची कॉफी मात्र उघडली. निवत आलेल्या कपात संत्र्याच्या सालीचा वास आला, आणि तो आधी ताईलाच आला. मिश्रणाची बाटली भरून ठेवली की रोजचा त्रास नाही.

कडकपणाचा वेगळा मुद्दा

एवढं होऊनही भावजींना कॉफी थोडी हलकी वाटत होती. ही तक्रार पुन्हा दळणाशी जोडायचा मोह होतो, पण तिचा दळणाशी संबंध नाही. दाण्यातून किती टक्के उतरलं हा एक प्रश्न, कपातल्या पाण्यात ते किती दाट आहे हा दुसरा. बारीक दळून कडक केलेली कॉफी आधी कडू होते. दळण तेच ठेवून पाणी 250 वरून 230 ग्रॅमवर आणलं आणि त्यांचं समाधान झालं. ताई आपल्या कपात वरून थोडं गरम पाणी घालून घेते. एकाच भांड्यातून दोघांच्या दोन कॉफ्या होतात, आणि त्यात काही गैर नाही.

पुढे त्यांनी एकदा गडद भाजलेले दाणे आणले. कडूपणा परत आला. दोघांनी आधी चोथा पाहिला. तो एकसारखाच होता. गडद भाजलेला दाणा जास्त सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, त्यातून अर्क लवकर उतरतो, हे बोलण्यात येऊन गेलं होतंच. भावजींनी ग्राइंडरची फट थोडी मोठी केली, ताईने पाणी नव्वदीच्या खाली येऊ दिलं, एकेका दिवशी एकेक बदल करत. मला फोन आला तो पाकीट संपत आल्यावर, पुढचं कोणतं आणू हे विचारायला.